बरोबर कोडला मिळालेला ठपका

बग काढला म्हणून महेश तुपेला लेखी ठपका मिळाला, त्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या लायब्ररीत येऊन बसला आणि डबाही उघडेना.

"मॅडम, कोड चालतोय," तो म्हणाला. "चालतोय म्हणूनच एन.सी. आली."

एन.सी. म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स. ठरवून दिलेल्या नियमाला सोडून काम केलं की मिळणारा गुलाबी कागद. कंपनीला नुकतंच क्वालिटीचं सर्टिफिकेट मिळालं होतं, त्यामुळे गुलाबी कागदांचा हंगाम जोरात होता.

मी त्या कंपनीत ग्रंथपाल होते. नारायण पेठेत, लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअर ऑफिस. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा खराडीत आयटी पार्क होणार म्हटलं असतं, तर लोकांनी आत झोपाळे आहेत का विचारलं असतं. कॉलेजातली कायमची नोकरी सोडून मी इथे आले, तेव्हा आईने एकच प्रश्न केला होता, "कॉम्प्युटरच्या हापिसात पुस्तकं कोण वाचतं?" तिला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. दोन कपाटं, एक टेबल आणि 'कंट्रोल्ड कॉपी' असा रबरी शिक्का, एवढा माझा कारभार. नियम असा होता की ज्या कागदावर हा शिक्का नाही, तो वाचून कोणी कोडची एक ओळसुद्धा लिहायची नाही.

हा नियम आपटेसाहेबांचा. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे क्वालिटी मॅनेजर झाले होते. माणूस सज्जन, पण चहात साखर किती घालायची याचीही लेखी पद्धत असावी असं त्यांना मनापासून वाटायचं.

आता महेशचं दुखणं सांगते. आमची ही पहिलीच परदेशी ऑर्डर होती. ग्राहकाच्या शाखांमध्ये डिस्क नसलेली मशीन्स होती. सकाळी चालू केली की ती मुख्य ऑफिसातल्या सर्व्हरकडून आपला प्रोग्रॅम मागून घ्यायची. ही मागणी आणि पुरवठा ज्या बोलीत होतो, तिला प्रोटोकॉल म्हणतात. इथला प्रोटोकॉल अगदी साधा, जुना आणि छोटा होता. त्याचं नाव टी.एफ.टी.पी.

समजा मी तुम्हाला एक कादंबरी पोस्टाने पाठवतेय, एका वेळी एक पान. पान मिळालं की तुम्ही पोच पाठवायची, पोच आली की मी पुढचं पान पाठवायचं. पोच आली नाही, तर मी तेच पान पुन्हा पाठवायचं. इथवर ठीक. पण समजा पोच हरवली नाही, फक्त उशिरा आली. तोवर मी तेच पान दुसऱ्यांदा पाठवून बसले. तुम्ही सज्जन, म्हणून त्याचीही पोच दिलीत. आता माझ्या हातात एकाच पानाच्या दोन पोचा. मी प्रत्येक पोचेला इमानाने उत्तर दिलं, तर पुढचं पान दोनदा जातं. त्याच्या दोन पोचा येतात. मग त्याच्या पुढचं पान दोनदा. एकदा पोस्टमन उशिरा आला, आणि तुम्ही अख्खी कादंबरी प्रत्येक पान दोनदा वाचताय.

ग्राहकाकडे नेमकं हेच होत होतं. आमच्याकडे होत नव्हतं, कारण आमची दोन्ही मशीन्स एकाच टेबलावर होती आणि त्यांच्यामध्ये उशीर करायला कोणी नव्हतं. महेशने मधे एक तिसरं मशीन बसवलं, प्रत्येक पाकीट, म्हणजे आपल्या कादंबरीचं एकेक पान, मुद्दाम थोपवून धरलं, आणि बग पकडला. मग एक छोटी दुरुस्ती केली: एकाच पानाची पोच दुसऱ्यांदा आली, तर गप्प बसायचं. सगळं सुरळीत चालायला लागलं.

आपटेसाहेबांनी कोड तपासायला घेतला, शेजारी शिक्क्याची प्रत उघडून ठेवली. प्रतीत लिहिलं होतं की दुबार पोच आली तर पाकीट पुन्हा पाठवावं. महेशचा कोड गप्प बसत होता. गुलाबी कागद निघाला.

"पण सर, तसं केलं की चालत नाही," महेश त्यांना म्हणाला होता.

"तुपे, स्टँडर्ड म्हणजे रुळांमधलं अंतर. तुम्हाला सोयीचं वाटतं म्हणून एक इंच कमी करता येत नाही. समोरून गाडी दुसऱ्याची येते."

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. दोन मशीन्स एकमेकांशी बोलतात ती दोघांनी एकच कागद वाचलेला असतो म्हणून. पण एन.सी. मिटेपर्यंत महेशचा कोड बाहेर जाणार नव्हता, आणि ग्राहकाचा इंजिनीयर पुढच्या आठवड्यात येणार होता. म्हणजे जो कोड चालत होता तो दाखवायची परवानगी नव्हती, आणि ज्याची परवानगी होती तो चालत नव्हता. आमचे मालक बर्वेसाहेब यांनी महेशला स्पष्ट सांगितलं होतं, "ही ऑर्डर गेली तर नेटवर्कचं काम बंद. मग तुम्हाला इथे ठेवून मी काय करू?"

महेशचं घर हडपसरला. शेती गेली होती, तिथे गोदाम उभं होतं, आणि तो कधी येऊन गोदाम सांभाळतो याची त्याचे वडील, म्हणजे दादा, वाटच बघत होते.

"दादा म्हणतील, सांगितलं होतं ना," महेश म्हणाला. "मॅडम, माझी ती ओळ बरोबर हाय असं कुठंतरी छापलेलं पायजे. तेवढं शोधता का?"

चिडला की त्याचं हडपसर बाहेर यायचं. मलाही आपट्यांचा राग आला होता. शिवाय, एवढी वर्षं ग्रंथपाल असून 'हे कुठंतरी छापलेलं हवंय' एवढी सरळ मागणी माझ्याकडे पहिल्यांदाच आली होती. मी त्याला आधी डबा खायला लावला.

मग शोध सुरू केला. आमच्या कपाटातल्या जाड पुस्तकांनी या प्रोटोकॉलला अर्धं पान दिलं होतं आणि दुबार पोचेचं नावही काढलं नव्हतं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "नेटवर्क म्हणजे इंजिनीयरिंगचं की केबलवाल्यांचं?" मी इंजिनीयरिंगचं म्हटल्यावर तो म्हणाला, "सिलॅबसला नाही," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिसरा प्रयत्न जुन्या कॉलेजात, माझ्या जागी आलेल्या कुंदाकडे. ती हसलीच. "अगं, हे कागद विकत मिळत नाहीत. फुकट आहेत. परदेशात एक मशीन बसलंय, त्याला ई-मेल करायची, कागदाचं नाव घालायचं, ते आपोआप पाठवतं."

"फुकट? आपट्यांना चालायचं नाही," मी म्हटलं. तेव्हा मला ते गमतीने वाटलं होतं.

आमच्या ऑफिसात मोडेमवरून ठरावीक वेळी ई-मेल यायची-जायची, तेवढंच आमचं इंटरनेट. मी आधी नुसती सूची मागवली. पुस्तक शोधायच्या आधी कॅटलॉग बघायचा, ही आमच्या धंद्यातली सवय. सूची आली. त्यात आमच्या शिक्क्याच्या प्रतीचं नाव होतं, आणि त्याच्यापुढे छोट्या अक्षरांत नोंद होती: याची जागा अमुक क्रमांकाच्या कागदाने घेतली आहे.

आमची प्रत बाद झालेली होती. बर्वेसाहेबांनी कधीतरी परदेशातून फोटोकॉपी करून आणलेली, आम्ही भक्तिभावाने प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली प्रत.

मी नवा कागद मागवला. तो तुकड्यातुकड्यांनी आला, तोही उलटसुलट क्रमाने. जुळवून, प्रिंट काढून महेशच्या हातात दिला. सुरुवातीलाच म्हटलं होतं की जुन्या पद्धतीत प्रत्येक पाकीट दुबार जाण्याची खोड होती, ती इथे काढली आहे. कशी, तर दुबार पोचेला उत्तर द्यायचं नाही. महेशने ते उभ्यानेच वाचलं.

"हे तर माझंच हाय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

आम्ही दोघं विजयी चेहऱ्याने आपट्यांकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"किंमत कुठे आहे?"

"फुकट आहे, सर."

"सही?"

"नाही."

"शिक्का?"

"तो आपल्याकडेच आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि हे वर काय लिहिलंय? 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स'. वाघमारेबाई, इथे अभिप्राय मागवलेत. म्हणजे अजून हरकती-सूचनांचा टप्पा चालू आहे. हा मसुदा आहे. महापालिकेने रस्तारुंदीचा आराखडा हरकतींसाठी लावला, म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी आपली भिंत पाडून घेतं का?"

मी त्यांना समजावलं. ज्या तरुण मंडळींनी सुरुवातीला मशीन्स जोडली, त्यांना नियम सांगायचा अधिकार कोणी दिला नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या टिपणांना हे नम्र नाव दिलं: बघा बुवा, आम्हाला असं वाटतं, तुमचं काय मत. पुढे जगाने त्याच टिपणांना नियम मानलं, आणि नाव मात्र बदलायचं राहून गेलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वाचलं, सर. आणि आपल्या जुन्या प्रतीवरही हेच लिहिलंय."

त्यांनी प्लॅस्टिकचं कव्हर उघडून पाहिलं. होतंच.

"ती बर्वेसाहेबांनी स्वतः आणलेली आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हे ठेवून जा. वाचतो."

सोमवारी त्यांनी मला दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेले फूलस्केप कागद दिले. "टाईप करून पाठवा."

"कोणाला, सर?"

"ज्यांनी अभिप्राय मागवलेत त्यांना. मागितलेत तर द्यायला नकोत? एवढ्या वर्षांत कोणी दिले नसणार."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपट्यांनी वाक्यावाक्यावर शंका काढल्या होत्या. इथे 'शक्यतो' म्हणजे नक्की किती वेळा? या आकृतीचा क्रमांक कुठे आहे? शेवटची शंका सगळ्यात मोठी होती: 'जुन्या आवृत्तीतील नियम नव्या आवृत्तीने बदलला आहे. हा बदल कोणाच्या अधिकारात करण्यात आला?' मी इंग्रजी जरा मवाळ केलं आणि त्या कागदपत्रांची देखरेख करणाऱ्यांच्या पत्त्यावर पाठवून दिलं. कचऱ्यात जाणार याची खात्री होती. महेशने तर दादांना गोदामाच्या किल्लीबद्दल विचारूनही ठेवलं होतं.

उत्तर आलं. इंजिनीयर येण्याच्या आदल्या दिवशी आलं. लिहिणारा कोण, ते आज आठवत नाही, पण पत्र आठवतं. इतक्या बारकाईने वाचल्याबद्दल आभार मानले होते, शंकांना एकेक करून उत्तरं दिली होती, दोन ठिकाणी 'तुमचं म्हणणं बरोबर आहे' असं कबूल केलं होतं. अधिकाराच्या शंकेला उत्तर थोडक्यात होतं. अधिकार कोणाचाच नाही. लोकांनी ते आपापल्या मशीनवर चालवून पाहिलं, खोड सापडली, काढली, सगळ्यांकडे चाललं, मग लिहून ठेवलं.

आपट्यांनी ते दोनदा वाचलं.

"टेलिफोन खात्यात मी जन्मभर वर पत्रं लिहिली," ते म्हणाले. "'तुमचं म्हणणं बरोबर आहे' असं एकदाही आलं नाही."

मला त्यांच्याबद्दल इतके दिवस जे वाटत होतं, त्याची त्या क्षणी थोडी लाज वाटली.

"म्हणजे चाललं म्हणून लिहिलं."

"हो, सर."

"आणि तुपेने काय केलं?"

"चाललं म्हणून लिहिलं, सर."

त्यांनी हात पुढे केला. "शिक्का आणा."

दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा इंजिनीयर आला. महेशच्या तिसऱ्या मशीनने पाकिटं थोपवली, उशिरा सोडली, वाट्टेल तसा त्रास दिला. एकही पाकीट दुबार गेलं नाही. इंजिनीयरने विचारलं, कोणत्या कागदाप्रमाणे लिहिलंय? महेशने क्रमांक सांगितला. "बरोबर," तो म्हणाला आणि चहा मागितला. ऑर्डर राहिली, महेशही राहिला. गोदाम दादाच सांभाळत राहिले.

तेव्हापासून कोणताही स्टँडर्ड हातात आला की तो बरोबर आहे का हे मी नंतर बघते. आधी बघते तो अजून जिवंत आहे का. नव्या मुलांनाही हेच सांगते. ती मान डोलावतात आणि सर्चमध्ये सगळ्यात वर येईल ते उघडतात.

महेशची एन.सी. मिटवायची राहिली होती. त्या गुलाबी कागदावर दोन रकाने क्वालिटी विभागाने भरायचे असतात: मूळ कारण आणि उपाय. आपटेसाहेब काय भरतात याकडे अख्ख्या ऑफिसचं लक्ष होतं. ते स्वतः माझ्या टेबलाशी आले, फाईलला लावण्यासाठी कागद दिला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मूळ कारण: क्वालिटी मॅनेजर. उपाय: ग्रंथपालांना आधी विचारावे.'

मी म्हटलं, "सर, याची एक झेरॉक्स घेऊ का? आईला दाखवायचीय."

"कंट्रोल्ड डॉक्युमेंट आहे," आपटेसाहेब म्हणाले. "कॉपी मिळणार नाही."