‘उतरवा’ म्हणायचं काम

समोरच्या दारातल्या घड्याळजींनी चौकातलं दुकान पुतण्याच्या हवाली केलं, ते बायको अंथरुणाला खिळली म्हणून. वयाच्या सत्तरीत ते गॅस पेटवायला शिकले. तोवर पन्नास वर्षं स्वयंपाकघर तिचं होतं. तिथे ते पाणी प्यायलासुद्धा विचारून जात.

आजाराने तिचे हातपाय गेले, डोकं मात्र शाबूत राहिलं. पलंग स्वयंपाकघराच्या दारासमोर लावला होता, पण आतला पसारा नुसता बघायचा.

“मी आता अडगळ, वहिनी,” ती मला एकदा म्हणाली. “अडगळ निदान कुरकुरत तरी नाही.”

घड्याळजी तिथेच होते.

डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, म्हणून लाल भोपळ्याच्या बिया भाजून द्यायचं मी सुचवलं. गर काढून बिया चोळून धुवायच्या, फडक्यावर दिवसभर वाळवायच्या. जाड बुडाच्या कढईत थेंबभर तेल, चिमूटभर मीठ, मंद आच, आणि हलवत राहायचं. फुगून तडतडल्या की लगेच उतरवायच्या. जरा उशीर झाला तर कडू.

पहिल्याच दिवशी घड्याळजी कढईजवळून म्हणाले, “अगं, मला तडतड ऐकू येत नाही. कान गेले माझे. कधी उतरवू, तूच सांग.”

“पन्नास वर्षं माझं ऐकलं नाहीत, आता बियांचं काय ऐकणार!” असं म्हणून तिने डोळे मिटले आणि कान दिला. “थांबा… थांबा… हां, उतरवा! अहो, आधी गॅस बंद करा!”

बिया सोनेरी झाल्या होत्या. दुकानातल्या चिमट्याने टरफल काढून घड्याळजी एकेक बी तिला भरवत होते.

“ही एक दुरुस्ती बरी जमते तुम्हाला,” ती म्हणाली.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी बिया व्हायच्या. ती आदल्या सकाळपासूनच मागे लागायची, “भोपळा आणलात? मागचा नुसता फुगलेला होता, तुमच्या पुतण्यासारखा.”

एकदा मी माझं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडे नेलं. घड्याळ हातभर लांब असतानाच ते म्हणाले, “टिकटिक लंगडतेय ह्याची.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “कान गेले ना भाऊजी?”

त्यांनी पलंगाकडे पाहिलं. “हळू बोला. सहा मिनिटं चाळीस सेकंद लागतात त्या बियांना. पहिल्याच दिवशी कळलं मला.”

हिवाळ्यात तिला ग्लानी येऊ लागली. ‘उतरवा’ उशिरा यायचं आणि घड्याळजी थांबायचे. बिया आधी तपकिरी झाल्या, मग काळपट. माझ्या रोजनिशीत ते रंग तारीखवार आहेत. घड्याळजी त्या चावून म्हणायचे, “आज खमंग झाल्यात.” डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत, असं सांगितलं होतं.

त्या शुक्रवारी मी तिच्या उशाशी बसले होते. तिचे डोळे मिटलेले. बिया तडतडल्या, एक उडून ओट्यावर पडली. घड्याळजी आमच्याकडे पाठ करून उभे होते, हातातलं उलथनं थांबलेलं. धूर निघू लागला. मला राहवलं नाही. “जळताहेत हो!” म्हणत मी उठले आणि गॅस बंद केला.

ते माझ्यावर रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “थोडं थांबायचं होतंत, वहिनी.”

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, “गॅस… कोणी बंद केला?”

“मीच,” घड्याळजी म्हणाले. “चुकून.”

“मी सांगणारच होते.” जरा वेळाने ती पुटपुटली, “जमतंय मग तुम्हाला आता.”

त्यानंतर ती बोलली नाही. बी ओठांशी नेली तरी तोंड उघडलं नाही. रविवारी सकाळी गेली.

तेराव्या दिवसानंतर मी त्यांच्याकडे गेले. “भाऊजी, चुकलं माझं,” म्हटलं.

“छे हो. तुम्ही बंद केलात म्हणून तर ती बोलली. नाहीतर झोपेतच गेली असती.”

ते खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, कोण जाणे. त्या माणसाचं तेवढं कधी कळत नाही.