पंखावर पाय ठेवण्यापूर्वी

रविवार, ११ जानेवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मोरे सरांच्या विमानाच्या डाव्या पंखातून गौरव समितीच्या खजिनदारांचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

पंचाहत्तरीच्या ग्रंथातला लेख असा सुरू करत नाहीत, हे मला कळते. समितीने बजावले होते, "बाई, दोन पानं, आणि जरा गोड लिहा." पण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टरनी सवय लावली की तक्रार असेल तर आधी वार, तारीख आणि वेळ लिहायची, मग रडायचे. पहिले काम झाले. दुसरे करण्याचा माझा विचार नाही.

श्री. बाळाराम मोरे आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असत आणि मी इंग्रजी. आता दोघेही निवृत्त आहोत. त्यांचे घर बौद्धवाडीच्या टोकाला, माझे रस्त्याच्या अलीकडे, आणि मध्ये पांढऱ्या कांद्याचे एक शेत. सरांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये सरांनी गेली कित्येक वर्षे एक लहानसे विमान आखले, मोडले, पुन्हा आखले आणि बांधले. त्यात एकच माणूस बसतो आणि त्याचे पंख खाली, बसणाऱ्याच्या मांडीच्या पातळीवर आहेत. हे कशासाठी, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला सर एकच उत्तर देत आले: "गंमत म्हणून."

आता रीतीप्रमाणे पहिली ओळख. मी मुंबईहून नवीन रुजू झाले होते. शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची नव्हती, म्हणून प्रयोगशाळेतून एखादी मागावी म्हणून मी दार उघडले. आत उदबत्तीचा दाट वास. टेबलावर वाकवलेला पुठ्ठा उभा केलेला, त्याच्यापुढे उदबत्ती, आणि मुले श्वास रोखून धुराकडे बघत होती. मी तोंड उघडण्याआधीच सर मागे न बघता म्हणाले, "दार लावा बाई, हवा हलतेय."

माझ्याशी तोपर्यंत कोणी असे बोलले नव्हते. मी दार लावले, पण बाहेरून नव्हे, आतून. पुठ्ठ्यावरून धूर कसा सरकतो आणि पुठ्ठा जास्त उचलला की मागे कसा विस्कटतो, हे मी त्या मुलांबरोबर पाहिले. प्रयोगशाळेत पूजा घालता काय, म्हणून मुख्याध्यापक नंतर सरांवर ओरडले. सर ऐकून घेत होते. दुपारी त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्यासाठी आणून ठेवली आणि पुढे वर्षभर ते स्टुलावर बसले. मला हे कळले तेव्हा मी खुर्ची परत न्यायला लागले, तर म्हणाले, "राहू द्या. माझी काही हरकत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवावे, अशी वाचकांना विनंती आहे. सरांना ओळखायचे तर त्याचा अर्थ कळायला हवा.

सरांची प्रयोगशाळा काढून तिथे संगणक बसवले, तेव्हा त्यांना विचारले होते. ते म्हणाले, माझी काही हरकत नाही. त्यांच्या हाताने बनवलेली उपकरणे वर्षभर व्हरांड्यात पावसाच्या झडीत पडून होती. मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने त्यांच्याकडे यायचे होते. संस्थेच्या मंडळींनी त्यांना चहाला बोलावून विचारले, की त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या एका गृहस्थांना ते दिले तर चालेल का. कनिष्ठ गृहस्थ संस्थेच्या घरातले होते आणि सर बौद्धवाडीतले होते, एवढे लिहिले की पुरे. सर म्हणाले, सगळ्यांची तशी इच्छा असेल तर माझी काही हरकत नाही. मी त्या मंडळींशी भांडले आणि हरले. सर त्या संध्याकाळी घरी गेले आणि एका मोठ्या कागदावर त्यांनी या विमानाची पहिली रेघ मारली. मला हे त्यांच्या पत्नीने सांगितले. शांतावहिनी तेव्हा होत्या. म्हणाल्या, "जेवायला बोलावलं तर म्हणतात कसे, थांब, पंख कुठे बसवायचा ते ठरू दे."

पंख खालीच का, हा प्रश्न गावाने त्यांना फार विचारला. आमच्याकडे प्रत्येकाला विमानाचे काही ना काही कळते. वर असता तर सावली पडली असती, खालचे गाव दिसले असते, असे सल्ले आले. सर समजावून सांगत, की खालच्या पंखाची लाकडी तुळई सीटखालून सरळ आरपार नेता येते, चाके तिलाच जोडता येतात, आणि एका माणसाच्या हाताला हे बांधकाम सोपे पडते. ऐकणारा गेला की मला म्हणत, "खरं सांगू का? वर पंख असला की आकाश झाकलं जातं."

त्यांच्या कामाची पद्धत एकाच प्रसंगातून सांगते. पहिला पंख तयार झाल्यावर त्यांनी तो उलटा करून सुताराच्या लाकडी घोड्यांवर ठेवला आणि शेजाऱ्यांकडून भाताची पोती मागून आणली. एकेक पोते पंखावर चढत गेले. वाडीतले सगळे जमले होते. एका पोत्याला पंख कडाडून मोडला. बायका चुकचुकल्या. कोणीतरी म्हणाले, "गेली दोन वर्सं पान्यात." सर मात्र वाकून मोडलेल्या जागेत बोट घालत होते आणि त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता. "आता कळलं कुठे तुटतो ते!" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवी तुळई आखायला घेतली. आज जो पंख आहे, तो त्या सगळ्या पोत्यांवर आणखी काही पोती सोसून उभा आहे. फक्त तो कुठे सोसतो, हे माहीत हवे. चढताना पाय ठेवायला सरांनी मुळाशी काळी पट्टी रंगवली आहे. तिच्या बाहेर नुसत्या पातळ बरगड्या आणि त्यावर ताणलेले कापड.

हे विमान उडालेले नाही. परवानगीशिवाय उडवणे गुन्हा आहे आणि मोरे सरांनी शाळेचा खडूसुद्धा कधी घरी नेला नाही. एकदा ओहोटीला, वाळू टणक झाल्यावर, त्यांनी ते किनाऱ्यावर पळवले. जुन्या मोटारीचे इंजिन, त्याचा तो कर्कश आवाज, मागे धावणारी कुत्री, आणि टोपीखाली सरांचे कान. परत आले तेव्हा मी विचारले, "कसं वाटलं?" म्हणाले, "उजवीकडे ओढतंय. शेपूट पुन्हा आखायला हवी." माणूस इतका आनंदी असताना इतके कोरडे बोलतो, हे मी प्रथमच पाहिले.

शांतावहिनी गेल्या. मुलगी नागपूरला असते, रविवारी फोन करते. सरांचा दिवस त्यानंतर शेडमध्ये उगवू लागला आणि शेडमध्येच मावळू लागला. मी एकदा विचारले, की दुसरी सीट का नाही आखली? सर हिशेब सांगावा तसे म्हणाले, "दुसरं कोण बसणार, बाई?" माझ्या घरातही जेवणाच्या टेबलाला एकच खुर्ची ओढलेली असते.

मग एके दिवशी ते माझ्या कुंपणापाशी आले. बराच वेळ कांद्याच्या भावाबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "बाई, गैरसमज नको. विमानाचा तोल काढायचाय. माझ्या वजनाचा काढला. पण जास्त वजनालाही बघावं लागतं. मला जरा... भरीव माणूस हवंय."

"भरीव म्हणजे जाडं, सर."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग मी म्हणते. चला."

तीन चाकांखाली तीन वजनकाटे होते. एक रेशन दुकानातला, एक दवाखान्यातला आणि एक मासळी बाजारातला, ज्याला बोंबलांचा वास येत होता. मी काळ्या पट्टीवर पाय ठेवून आत उतरले. सर खाली बसून काटे वाचत राहिले, आकडे पुटपुटत राहिले, पुन्हा पुन्हा "हलू नका" म्हणत राहिले. मी हलले नाही. शेडच्या दारातून समुद्राचा एक तुकडा दिसत होता आणि डोक्यावर खरोखरच काही नव्हते. माझ्या आयुष्यात कोणी इतक्या काळजीने माझे मोजमाप घेतलेले नाही. हे वाक्य समितीने गाळू नये.

पुढे माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी आले तर दाराशी एक काठी टेकवून ठेवलेली. विमानाच्या तुळईतून उरलेल्या देवदाराची, तोच गोंद, तेच वार्निश. मी फोन केला तर म्हणाले, "बिनधास्त टेका. तुमचं वजन माझ्याकडे आहेच. तिला त्याच्या चौपट भार देऊन बघितलाय." मी ती काठी अजून वापरते.

आता ११ जानेवारी. समितीचे लोक वाईट नाहीत. सगळे सरांचे विद्यार्थी आहेत आणि त्यांचे सरांवर प्रेम आहे, म्हणून तर हे निस्तरणे अवघड झाले आहे. ते हार घेऊन आले. ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढू म्हणाले आणि सरांना मध्ये घेऊन पंखावर चढले. मी ओरडले, "काळ्या पट्टीवरच!" खजिनदार म्हणाले, "बाई, अजून वर्गावर हाय असं वाटतं का तुमाला?" आणि पुढच्या क्षणी त्यांचा पाय आत गेला. सगळे हसले. सरही हसले. "हरकत नाही," म्हणाले.

त्या हशातच अध्यक्षांनी ठराव सांगून टाकला. विमान शाळेच्या पटांगणात सिमेंटच्या खांबावर कायमचे बसवायचे, खाली फरशी, भोवती रंगीत दिवे, १ मे रोजी समारंभ.

"सर, आता तुमचं विमान सगल्या तालुक्याला दिसंल!"

मी म्हटले, "खांबाला बसवायचं तर तुळईला भोकं पाडावी लागतील. आणि समुद्राच्या वाऱ्यात ते कापड एक पावसाळा तरी टिकेल का?"

"बाई, पत्रा मारू की वरून. तसं बी ते उडनार हाय का? न्हाय ना? मग?"

मग सगळ्यांनी सरांकडे पाहिले. सरांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला. म्हणाले, "तुम्हां सगळ्यांची इच्छा असेल, तर माझी काही हरकत नाही." टाळ्या पडल्या.

त्या दिवसापासून शेडचे दार बंद आहे. कापडाला चीर पडली तर सर दिवस मावळायच्या आत ठिगळ लावत. खजिनदारांच्या पायाचे भोक मात्र अजून तसेच आहे. गेल्या आठवड्यात मी त्याबद्दल बोलले. सर कट्ट्यावर बसून समुद्राकडे बघत होते. म्हणाले, "खांबावर कोण बघणार, बाई?" शेडच्या खिडकीतून पाहिले, तर शेपटीचा नवा आराखडा अर्धा काढलेला टेबलावर होता. त्यावर धूळ बसली होती. संध्याकाळी कांद्याच्या शेतापलीकडे शेडच्या खिडकीत उजेड दिसायचा. आता दिसत नाही, आणि मी तिकडे बघायचे सोडलेले नाही.

समितीला वाटते, की विमान पूर्ण झाले आहे आणि म्हणून ते मिरवावे. सरांचे विमान पूर्ण झालेले नाही आणि ते होऊ नये, अशी माझी इच्छा आहे. ज्या माणसाने सगळे आयुष्य इतरांच्या इच्छेपुढे हरकत घेतली नाही, त्याने या एका गोष्टीत फक्त स्वतःला विचारून प्रत्येक रेघ मारली. ती रेघ त्याच्याकडून काढून घ्यायची आणि त्याला सन्मान म्हणायचे, हे मला मान्य नाही. सरांची हरकत नसेल. माझी आहे.

हा लेख मी सरांना आधी दाखवलेला नाही. दाखवला असता तर ते काय म्हणाले असते, हे आता वाचकही सांगू शकतील.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे शाबूत राहोत, म्हणजे काळ्या पट्टीवर पाय ठेवून आत उतरता येईल. नजर साफ राहो, हात स्थिर राहोत. शंभरी गाठताना शेपटीचा आराखडा चौथ्यांदा बदललेला असो आणि विमान अजून थोडेसे उजवीकडे ओढत असो.

समितीला विनंती नाही, मागणी आहे. खांबाचा ठराव रद्द केल्याचे लेखी पत्र, अध्यक्ष व खजिनदार या दोघांच्या सह्यांनिशी, ३० एप्रिल रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडले पाहिजे. तोंडी निरोप चालणार नाही. पत्र आले नाही, तर १ मे रोजी सकाळी क्रेन येईल तेव्हा मी विमानात बसलेली असेन. क्रेनवाल्याला माझे वजन लागेल. ते सरांकडे आहे.