समुद्रावरचा बर्फ लवकर सुटला

माझा धाकटा भाऊ माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात डिझेल मेकॅनिक होता. तिथून तो थेट अंटार्क्टिकाला गेला, आपल्या देशाच्या संशोधन केंद्रावर जनरेटर सांभाळायला. गावात कुणाला पटेना. "लोक ऊस तोडायला कर्नाटकात जातेत, ह्यो बर्फात काय तोडणार हाय?" चुलते विचारायचे.

सुरुवातीचे त्याचे फोन मजेचे असायचे. शास्त्रज्ञांना बर्फावरच्या गाडीतून गोठलेल्या समुद्रावरच्या पेंग्विनांच्या वस्तीवर न्यायचं कामही त्याच्याकडं आलं होतं. "आक्का, इथं बाप अंडं पायावर घेऊन उभा राहतो. अख्खा हिवाळा उपाशी. माय मासे धरायला लांब पाण्यात गेलेली असती." हे मी मायला सांगितलं, तर ती बाबांकडं बघून म्हणाली, "बघा, शिका काही."

दिवाळीच्या सुमारास त्याचा आवाज बदलला. आम्ही कापूस वेचत होतो. तो म्हणाला, गाडीखालचा बर्फ करकरतोय, म्हणून फेऱ्या बंद केल्यात. समुद्रावरचा बर्फ एवढ्यात सुटायला नको होता, पिल्लं अजून लहान हायेत. त्यानंतर माझं वेचणीत लक्ष लागेना. सारखी फोन काढून बघायची. वारा इकडं सुटला तरी मला तिकडचीच धास्ती वाटायची.

शेवटी त्याचा फोन आला.

"काय झालं रे?"

"कड्यावरून दुर्बिणीनं बघितलं, आक्का. बर्फाचे तुकडे झालते. पिल्लं तुकड्यांवर उभी होती. सकाळी परत गेलो, तर नुसतं पाणी."

"काढता न्हाई आली?"

"तिथं हात लावायची परवानगी न्हाई. आणि तो बर्फ आमालाबी पेलणारा नव्हता."

उन्हाळ्यात तो घरी आला, पण टेकला म्हणून कुठं नाही. जेवताना मधूनच उठायचा. भर उन्हात धरणावर जाऊन यायचा. मी म्हटलं, "बस की घडीभर." बसायचा, आणि पाय हलवत राहायचा.

जवळच्या तेलगावात त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पुढाऱ्याचं भाषण. मग त्याला म्हणाले, पेंग्विनाच्या गमती सांगा. त्यानं पिल्लांचंच सांगितलं. मागून एकजण ओरडला, "पाण्याचा पक्षी पाण्यात बुडतो काय बे?" मंडप हसला. मी पदर मुठीत आवळून बसले होते. हसू थांबल्यावर भावानं माईक जवळ ओढला.

"पिल्लाच्या अंगावर नुसती लव असती," तो म्हणाला. "कापसासारखी. भिजली की जड होती, गारठती. पाण्यात टिकणारी पिसं नंतर फुटतेत. तवर खाली बर्फ पाहिजे. एखाद्या वर्षी बर्फ लवकर सुटायचा, ते ठीक. आता सुटायचं वाढलंय, कारण समुद्र तापतोय, असं आमचे शास्त्रज्ञ म्हणतेत."

पुढारी घड्याळ बघायला लागले. पुढं बसलेल्या, दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "मग मायबाप आले तवा?"

भाऊ तिच्याकडं वळला. "हाका मारत फिरले, मावशी. त्यांना आपल्या पिल्लाचा आवाज कळतो. लई दिवस फिरले."

बाईनं तोंडाला पदर लावला. नारळ तसाच मांडीवर घेऊन भाऊ खाली बसला. घरी येताना त्यानं सांगितलं, परत जायचा अर्ज केलाय.

माय चिडली. "कावून? तू गेल्यानं काय थांबणार हाय?"

"न्हाई थांबणार. पर बघायला जाणाऱ्यांना गाडीवाला लागतो. औंदा पेंग्विन कुठं बसलेत, पिल्लं जगतेत का, कुणीतरी बघाय पाहिजे ना, माय."

माय दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. नंतर तिनंच शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली.

तो गेला. यंदा वस्ती सरकली, असं तो सांगतो. काही जोड्या समुद्रावरचा बर्फ सोडून किनाऱ्यालगतच्या जाड, उंच बर्फावर चढल्यात. अंड्यातून पिल्लं निघालीत. पण तिथून पाण्यापर्यंत उतरायचं कसं, ते अजून कुणाला माहीत नाही. माय हल्ली रानातून आली की हातपाय धुवायच्या आधी विचारते, "पिसं फुटली का गं?" मी नाही म्हणते. ती उभीच राहते, आणि मग मलाही बसवत नाही.