पहिल्या एमआरआयमधला चेहरा

धुळ्यात मी लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींवर काम करते. एमआरआयच्या एकेका चित्रावर गाठीची कड लाल रेषेने आखायची. अशा शेकडो कडा बघून कॉम्प्युटर शिकतो आणि पुढच्या मुलाची गाठ वाढली की आटली, ते स्वतः मोजतो. पण त्याआधी एक काम असतं. एमआरआयमध्ये नाक, ओठ, गाल सगळं येतं, त्यावरून मूल ओळखू येऊ शकतं. म्हणून नाव काढायचं, चेहरा पुसायचा आणि मूळ फाइल आमच्या कॉम्प्युटरमधून घालवायची. यात मी भलतीच काटेकोर. कुणी विसरलं तर त्याची खरडपट्टी काढते.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सहा वर्षांची असताना तिचा पहिला एमआरआय झाला. दुसऱ्यांच्या लेकरांना उपयोग होईल म्हणून बहिणीने सही करून तो आम्हाला दिला. वर्षभराने भाची गेली. दहाव्यानंतर बहिणीच्या सासऱ्यांनी तिचे फ्रॉक, पाटी, दवाखान्याची फाइल आतल्या एमआरआयच्या सीडीसकट गाठोड्यात बांधली आणि तापीत सोडली. मेव्हण्यांनी फोनमधले फोटो काढून टाकले. वस्तू डोळ्यांपुढे राहिल्या तर आई त्यातून उठत नाही, अशी आमच्याकडची समजूत. वाईट बुद्धीने कुणी केलं नाही, तरी मला अजून राग येतो. माझ्याकडे फोटो होते, पण औषधाने तोंड सुजल्यानंतरचे. ते बहीण बघायला तयार नाही.

मागच्या महिन्यात ती एसटीने धुळ्याला आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "अक्का, त्या पहिला फोटोमा नाक, गाल बठ्ठं येस, असं तूच सांगं व्हतं ना? माले तिनं तोंड दखाड."

चेहरा पुसतात, हेही मी सही घेताना सांगितलं होतं. पण तेव्हा तिचं सगळं लक्ष पोरीकडे होतं. जिथे तपासणी झाली ते सेंटरही आता बंद पडलंय. आणि आमच्याकडची मूळ फाइल मी माझ्या हाताने घालवली होती, नेहमीच्या शिस्तीत, चहा गार व्हायच्या आत. एकदा डोळे भरून बघून घ्यावं, एवढंही सुचलं नाही. ते तोंड मलाही हवंय. फार हवंय.

उरलं होतं ते मी उघडून दाखवलं. नावाच्या जागी नंबर, कपाळाखाली सपाट काळं. बहीण रडली नाही. स्क्रीनजवळ वाकून तिने विचारलं, "हाई लाल काय शे?"

"तिची गाठ. कड मी आखली."

तिने त्या रेषेवरून बोट फिरवलं. "तुले तोंड पुसता उनं अक्का, मंग हाई गाठ नही पुसता उनी का?"

मी लाल रेष पुसली. गाठ तिथेच दिसत राहिली, आणि आम्ही दोघी ती बघत बसलो.