दीड वाव

परवा थळच्या घरी माळ्यावरून बाबांचं हाताने फेकायचं गोल जाळं खाली काढलं. बाबांना जाऊन वर्ष झालंय, पण जाळ्याच्या कडेला लावलेल्या शिशाचा आणि सुकलेल्या खाऱ्या पाण्याचा वास अजून तसाच आहे. त्या वासाने मला कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या एका दुपारी नेऊन सोडलं.

प्रोग्रामिंग नुकतंच सुरू झालं होतं. त्रिज्या दिली की वर्तुळाचं क्षेत्रफळ देणारं फंक्शन मी लिहिलं होतं आणि ते बाबांना दाखवायचं होतं.

"बाबा, तुमच्या जाळ्याची त्रिज्या किती? मधल्या दोरीपासून कडेपर्यंत?"

"दीड वाव."

"वाव म्हणजे किती मीटर?"

बाबांनी ओटीवर उभं राहून दोन्ही हात बाजूला ताणले. "येवढा. मोज गो बाय."

मी इंटरनेटवर बघून एक वाव १.८ मीटर धरला आणि त्याची दीडपट टाकली. "तेवीस चौरस मीटर. इतकं पाणी झाकतं तुमचं जाळं."

"तो वाव कोनाच्या हाताचा?"

"सगळ्यांचा तेवढाच धरतात, बाबा."

बाबांचे हात जरा उशिराने खाली आले.

परवा जाळं अंगणात पसरून मधल्या दोरीपासून कडेपर्यंत टेपने मोजलं आणि दीडने भागलं. बाबांचा वाव निघाला एक मीटर सहासष्ट. तेवढे हात त्या दुपारी माझ्यासमोर पसरलेले होते, आणि मी खुर्चीवरून उठले नव्हते.