वाणाच्या पिशव्या

ओटीतली ब्लाऊजपिसं सहसा कुणी शिवत नाही. ती या घरातून त्या घरात फिरत राहतात. हे वारले आणि ती माझ्या कपाटात येऊन थांबली. मला आता कुणाची ओटी भरायची नव्हती. घर चालवायला मी त्या पिसांच्या पिशव्या शिवू लागले.

काल शेजारच्या वहिनींनी एका पिशवीचे बंद ओढून पाहिले. म्हणाल्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच वाण लुटते. आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्याजणींना पुरतील एवढ्या द्या."

मी एकेक दार आठवत बायका मोजल्या. माझं दार आपोआप गाळलं गेलं. आकडा सांगितला. वहिनी म्हणाल्या, "बरोबर."

मग मी सुईत दोरा ओवला. तो पहिल्याच खेपेला गेला.