चार डबडी आणि एक किल्ली

आमच्या अभ्यासिकेत एकच नियम होता: कंप्युटरवरचं कापड काढायचं नाही. आणि का काढायचं नाही, हे आप्पांना विचारायचं नाही. मी विचारलं! तेव्हापासून किस्से असे काही साठत गेलेत की मैत्रिणी भेटल्या की दुसरा विषयच निघत नाही, आणि सगळे सांगून झाले म्हणावं तर घरी गेल्यावर आणखी एक आठवतो.

अभ्यासिका म्हणजे निपाणीत आमच्या विहारामागची खोली. बेळगावात टिळकवाडीतल्या एका ऑफिसनं नवे कंप्युटर घेतले आणि जुने चार आम्हाला देऊन टाकले. पोट सुटलेले काचेचे मॉनिटर, चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखा आवाज. विहाराच्या समितीचे अध्यक्ष आप्पा, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चारही डबड्यांवर फुलाफुलाची कापडं घातली आणि खोलीला कुलूप लावलं. "वापरलं की बिघडतंय," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी बीसीए करून परत आले आणि म्हटलं, "आप्पा, मग पुस्तकं पण वाचायची बंद करूया. पानं फाटतात!"

किल्ली मिळाली, पण धमकीसकट. खोलीचा उपयोग दिसला नाही तर कंप्युटर भंगारात, आणि खोलीत ज्येष्ठांची बैठक. गल्लीतल्या पोरांना कट्टा आहे, चहाचा गाडा आहे, मैदान आहे. आम्हा मुलींना संध्याकाळी घराबाहेर बसायला ही एकच जागा. ती मी सोडणार नव्हते.

*

आजची एकही वेबसाइट त्या मशिनवर धड उघडेना. मग मी आणि माझी मैत्रीण सुजाता, आम्ही एम्युलेटर टाकला. पूर्वी बसस्टँडजवळ नाणं टाकून उभ्यानं खेळायच्या गेमच्या पेट्या असायच्या ना, त्या पेटीचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्राम.

पहिल्यांदा उत्साहात सगळ्यात नवीन व्हर्जन टाकलं. ते इतकं जड की गेम रांगायला लागली. सुजातानं गोळी झाडली, उठून पाणी प्यायली, घरी फोन केला, परत येऊन बसली. गोळी अजून वाटेतच!

शेवटी शोधून शोधून एक जुनंपानं व्हर्जन टाकलं, आणि गेम सुसाट पळाली. दारात आप्पांचे उजवे हात अण्णा उभे होते. खूश होऊन म्हणाले, "बगितलंस? नव्यापेक्षा जुनंच बरं. व्हय का न्हाय?"

मी म्हटलं, "अण्णा, मी प्रोग्रामबद्दल बोलतेय. समितीबद्दल नाही!"

*

खोली भरायला लागली. पोरी यायच्या, गेमसाठी नंबर लावायच्या आणि नंबर येईपर्यंत तिथंच वह्या उघडून बसायच्या. ह्याला उपयोग म्हणायचं की नाही, यावर समितीत मतभेद!

समितीतले आमच्या बाजूचे एकटे म्हणजे कंडक्टरमामा. सगळं आयुष्य एसटीत गेलं. एकदा ते खुर्चीत बसले तर पडद्यावर "नाणं टाका" अशा अर्थाची इंग्रजी पाटी लुकलुकत होती. एम्युलेटरमध्ये खरं नाणं लागत नाही, कीबोर्डवरचं पाचचं बटण दाबलं की नाणं पडलं असं मशिन धरून चालतं; तोवर गेम गिऱ्हाइकाला नमुना म्हणून आपली आपणच चालत राहते. मी हे सांगायला वळले तेवढ्यात मामांनी खिशातून रुपया काढून फ्लॉपीच्या फटीत सरकवला. खट्! थेट आत!

अख्खा डबा खोलून रुपया काढला. मी वैतागून म्हटलं, "मामा, विचारायचं तरी!"

"विचारायचं काय त्यात? तिकीट काढल्याबिगर सीटवर बसायची सवय न्हाय आपल्याला!"

*

आमच्याकडे स्पीकर नव्हते. सुजातानं कुठूनशी एक वायर आणली आणि कंप्युटरचा आवाज विहाराच्या ॲम्प्लिफायरला जोडला. "थोडाच येळ गं, मग काढते." काढायची राहिली.

रविवारी सभा. बाहेर आप्पा माइकसमोर उभे राहिले. "बंधू-भगिनींनो, आजच्या पिढीला झालंय तरी काय?" एवढं म्हणून त्यांनी दम घेतला, आणि नेमकी तेव्हाच आत बसलेल्या कुणाची तरी शेवटची लाइफ गेली. गेम संपल्याचं ते रडकं म्युझिक दोन्ही कर्ण्यांतून गल्लीभर घुमलं!

लोक हसून हसून बेजार. भाषण तिथंच संपलं. त्या दिवशी घरी जाताना तीन बायकांनी मला थांबवून विचारलं, "पुढच्या रविवारी पण हाय का गं?"

*

विमानाच्या काही गेम उभ्या पडद्यासाठी केलेल्या असतात. आपल्या आडव्या मॉनिटरवर त्या मधोमध चिंचोळ्या पट्टीत दिसतात. मी म्हटलं, मॉनिटरच कुशीवर झोपवू! दोघींनी मिळून तो हत्ती कलंडवला, खाली उशी दिली. गेम झकास दिसायला लागली, फक्त बाकीचं सगळं आडवं.

नेमके त्याच दिवशी आप्पा एका पाहुण्या साहेबांना अभ्यासिका दाखवायला घेऊन आले. मी घाईघाईनं गेम बंद केली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं भिंतीवर चढणाऱ्या मुंग्यांसारखी. साहेबांनी मान डाव्या खांद्यावर टाकली. आप्पांनीही टाकली. मागून अण्णांनीही! तिघं तशाच वाकड्या मानेनं चारही कंप्युटरपुढून फिरले. उरलेले तीन सरळ होते तरीसुद्धा!

साहेब जाताना म्हणाले, "चलो ऐत्रि!" म्हणजे कानडीत, छान आहे. आप्पांनी अंगणात पोचल्यावर मान सरळ केली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी समजले, आता काही खरं नाही.

*

झालंही तसंच. समिती खोलीत जमली, भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला. आप्पा म्हणाले, "अभ्यासिकेत गेम चालणार नाहीत. ह्यात डोकं लागत नाही, नुसता पोरींचा वेळ वाया."

मी म्हटलं, "एकदा खेळून बघा. मग बोला."

आप्पा बसले. समोर विमानाची गेम होती. मी काय दाबायचं ते सांगायला गेले तर म्हणाले, "तू शिकवू नकोस. चाळीस वर्षं मी शिकवलंय." आणि दोन्ही हातांनी बटणं बडवायला लागले.

पडद्यावर विमान सपकन वळलं. "डावीकडनं आला, आप्पा!" अण्णा ओरडले. विमान निसटलं. "मारा, मारा!" धडाधड तीन पाडली. अख्खी समिती खुर्चीमागं गोळा झाली. कुणी आप्पांच्या पाठीवर थाप मारली, कुणी घाम पुसायला रुमाल दिला. कंडक्टरमामा मात्र पडद्याकडं बघत मिशीत हसत होते. मला त्यांनी डोळ्यानं खुणावलं: गप बस.

"बघा!" आप्पा बटणं बडवत म्हणाले. "पहिल्या झटक्यात जमलं! ज्या गोष्टीत शिकण्यासारखं काही नाही, ती अभ्यासिकेत कशाला? अण्णा, टेम्पोवाल्याला आत बोलवा. आणि पोरी, किल्ली ठेव इथं."

"ठेवणार नाही."

"आप्पांसमोर असं बोलत्यात व्हय गं?" अण्णा म्हणाले.

"असंच बोलतात. खोली आमची आहे, आणि मी किल्ली देणार नाही. आप्पा, आता जरा दोन्ही हात वर करा."

आप्पांनी रागानं दोन्ही हात बटणांवरून उचलले.

विमान डावीकडं वळलं, एका गोळीतून सफाईनं निसटलं, समोरची दोन विमानं पाडली आणि ऐटीत पुढं निघालं.

आप्पांचे हात तसेच वर राहिले. कंडक्टरमामांनी पुढं होऊन पडद्याच्या कोपऱ्यात अजून लुकलुकणाऱ्या "नाणं टाका"च्या पाटीवर बोट ठेवलं.